रुपयामागे एक आणा: नोकरी गेल्यावर आधी कर्ज फेडायचं की फंड राखायचा?

ऑक्टोबर २०२५ मध्ये ईपीएफओच्या केंद्रीय विश्वस्त मंडळाने फंडातून पैसे काढायचे नियम बदलायचं ठरवलं आणि दोनतीन दिवस समाजमाध्यमांवर नुसता गदारोळ झाला. निर्णयाचा गाभा असा की नोकरी गेली तर ७५ टक्के लगेच काढता येतील, २५ टक्के खात्यातच राहतील, आणि सगळा फंड मोकळा व्हायला पूर्वी दोन महिने लागायचे तिथे आता बारा महिने थांबायचं. "पैसा आमचा, अडवणारे तुम्ही कोण?" असा एक सूर. "सगळा काढून खाल्लात तर म्हातारपणी काय?" असा दुसरा. एका मित्राने तर सरळ हिशेबच मांडला: गृहकर्ज नऊ टक्के, क्रेडिट कार्ड चाळीस टक्के, फंडावर व्याज सव्वाआठ, मग फंड फोडून कर्ज का फेडू नये?

हिशेब बरोबर आहे. पण हा हिशेब मुंबईत शंभर वर्षांपासून मांडला जातोय, आणि ज्यांनी तो मांडला त्यांचा अनुभव इतका सरळ नाही. म्हणून ही जरा लांबलेली पोस्ट. गिरणगावाची.

सुरुवात उधारीपासून करू. गिरणीत नवा लागलेला माणूस पहिल्या दिवसापासून कर्जात असायचा. कारण साधं होतं. पगार महिन्याचा, आणि तोही महिना संपल्यावर दहापंधरा दिवसांनी. म्हणजे रत्नागिरीहून किंवा साताऱ्याहून आलेला गडी पहिले दीड महिने बिनपगारी. तो जेवणार कुठे? खानावळीत, लिहून ठेवायच्या बोलीवर. तेल, साबण, विडी? वाण्याच्या खात्यावर. नोकरी मिळाली कुणामुळे? जॉबरमुळे. त्याची दस्तुरी द्यायची, ती बहुतेक वेळा त्याच्याकडूनच उसनी घेऊन. आता ह्यात एक गंमत आहे. जॉबरचं देणं पूर्ण फेडलं तर त्याला तुमच्यात रस राहत नसे. थोडं देणं शिल्लक असलं की तो तुम्हाला कामावर ठेवायची काळजी घ्यायचा, कारण त्याचे पैसे तुमच्या पगारातच अडकलेले. कर्ज म्हणजे एका अर्थी नोकरीचा विमा. आजच्या कुठल्याही गुंतवणूक सल्लागाराच्या कोष्टकात ही ओळ सापडणार नाही.

१९२९ साली इंग्रज सरकारने कामगारांच्या स्थितीची चौकशी करायला व्हिटली आयोग नेमला. ना. म. जोशी त्याचे सदस्य होते. १९३१ च्या अहवालात कर्जबाजारीपणावर वेगळं प्रकरण आहे. आयोगाचा अंदाज असा, की बहुतेक औद्योगिक शहरांत निदान दोनतृतीयांश कामगार कर्जात आहेत, आणि त्यातल्या बहुतेकांचं कर्ज तीन महिन्यांच्या पगारापेक्षा जास्त आहे. व्याजाचा नेहमीचा दर काय? महिन्याला रुपयामागे एक आणा.

ऐकायला किरकोळ वाटतं. आकडा मांडून बघा. पन्नास रुपये घेतले तर महिन्याला पन्नास आणे, म्हणजे तीन रुपये दोन आणे व्याज. वर्षाला साडेसदतीस रुपये. दरसाल ७५ टक्के! मुद्दल तसंच उभं. पगाराच्या दिवशी गिरणीच्या फाटकावर पठाण काठी घेऊन उभा असायचा तो बहुधा मुद्दल मागायला नव्हे, व्याजच न्यायला. मुद्दल परत आलं तर त्याचा धंदा बंद. आयोगाने शिफारस केली होती की वसुलीसाठी कारखान्याच्या दारात असा वेढा घालणं हा गुन्हाच ठरवावा.

तर १९२८ साली गिरण्यांचा मोठा संप झाला. एप्रिल ते ऑक्टोबर, सहा महिने, दीड लाखाच्या आसपास कामगार. नोकरी गेली म्हणता येत नाही, आहे म्हणता येत नाही, आणि पगार शून्य. बचत हा शब्दच नव्हता, त्यामुळे 'कर्ज फेडू की साठवू' हा प्रश्न तेव्हा उलटा पडला होता: कुणाचं देणं थकवायचं? वाण्याचं थकवलं तर पोरं उपाशी. पठाणाचं थकवलं तर मार. खोलीचं भाडं थकवणं त्यातल्या त्यात सोपं, कारण चाळीच्या चाळीच थकलेल्या असल्यावर घरमालक किती जणांना बाहेर काढणार? ज्यांना शक्य होतं ते गावी गेले. नंतर, फेब्रुवारी १९२९ मध्ये मुंबईत दंगल उसळली तिचा पहिला भडका पठाणांविरुद्ध होता. त्याला अफवा कारण झाल्या, तेल कंपन्यांच्या संपात पठाणांना संप मोडायला आणलं हे कारण झालं. पण पगाराच्या दिवसांचा साचलेला रागही त्यात होताच, आणि तो गरीब पठाणावर निघाला, हेही लिहून ठेवायला हवं. सावकारीचा धंदा करणारे इतरही होते. ते दुकानात बसायचे, रस्त्यावर दिसायचे नाहीत, म्हणून वाचले.

व्हिटली आयोगानंतर कायदे झाले, आणि ते आजही आपल्या कामाला येतात. १९३७ मध्ये दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ६० बदललं. पगाराचे पहिले शंभर रुपये आणि त्यावरच्या रकमेचा अर्धा भाग सावकाराला जप्त करता येणार नाही. त्या काळी गिरणी कामगाराचा पगार शंभराच्या खूप खाली, म्हणजे जवळजवळ सगळाच सुरक्षित. १९४६ मध्ये मुंबई प्रांताचा सावकारी कायदा आला, परवाना सक्तीचा झाला.

आणि मग १९५२. कर्मचारी भविष्य निर्वाह निधी कायदा. सुरुवातीला फक्त सहा उद्योगांना लागू होता, त्यात कापड गिरण्या होत्या. कामगाराची वर्गणी किती ठरली? सव्वासहा टक्के. तेव्हा नवे पैसे आलेले नव्हते, ते १९५७ साली आले. सव्वासहा टक्के म्हणजे रुपयामागे बरोबर एक आणा.

सावकाराचा जो एक आणा, तोच फंडाचा एक आणा. हा योगायोग असेल, आण्यात मोजायची सवय असेल. पण गिरणीच्या कामगाराला ह्या दोन आण्यांतला फरक कुणी समजावून सांगायला नको होता. एक दर महिन्याला जायचा आणि परत दिसायचा नाही. दुसराही दर महिन्याला जायचा, फक्त म्हातारपणी परत मिळेल असं म्हणत होते. पहिल्या वर्षी फंडावर व्याज मिळालं तीन टक्के. माझ्या मित्राच्या हिशेबाने बघितलं तर हा कायदाच वेडेपणाचा: ७५ टक्क्यांचं कर्ज डोक्यावर असलेल्या माणसाला तीन टक्क्यांनी सक्तीची बचत करायला लावायची!

तरी कायदा शहाणा होता असं माझं मत आहे. कलम १० वाचा. फंडातली रक्कम कुठल्याही कर्जापोटी, कुठल्याही कोर्टाच्या हुकुमाने जप्त होऊ शकत नाही. १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्यात कलम १३ तसंच. कायदा करणाऱ्यांना ठाऊक होतं की कामगाराच्या हातात आलेला रुपया त्याचा राहत नाही. तो हातात येण्याआधीच कुणाचा तरी ठरलेला असतो. म्हणून त्यांनी तो हातातच येऊ दिला नाही. ह्यात सरकारची दादागिरी आहे, आहेच. पण ती दादागिरी सावकारावरही होती, हे विसरता कामा नये.

आता १९८२.

१८ जानेवारीला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. साठच्या वर गिरण्या, अडीच लाख कामगार. मागण्या पगारवाढीच्या होत्या, बदली कामगारांना कायम करण्याच्या होत्या, आणि १९४६ च्या औद्योगिक संबंध कायद्याने राष्ट्रीय मिल मजदूर संघाला दिलेली एकाधिकाराची मान्यता जावी ही तर खरी मागणी. राजकारण सगळ्यांना माहीत आहे, त्यावर भरपूर लिहून झालंय. मला घरातल्या पैशाबद्दल बोलायचंय.

कामगार संपावर गेले तेव्हा किती दिवसांचा अंदाज बांधून गेले? माणूस मागच्या अनुभवावरून पुढचं ठरवतो. १९७४ चा संप बेचाळीस दिवसांचा होता. म्हणजे दोन महिन्यांची बेगमी पुरे, फारच ताणलं तर तीन. ह्या अंदाजावर घरातले सगळे निर्णय झाले. आधी सणाला ठेवलेले पैसे गेले. मग भिशी. मग भांडी, मग बायकोच्या अंगावरचं सोनं गहाण. प्रत्येक पायरीवर वाटायचं, पुढच्या महिन्यात मिटेल. संप मिटलाच नाही. तो आजतागायत अधिकृतपणे मागे घेतलेला नाही. लोक ह्यावर विनोद करतात, पण पैशाच्या बाजूने बघितलं तर हीच सगळ्यात क्रूर गोष्ट होती: नोकरी गेली ती नेमकी कुठल्या तारखेला, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. आणि तारीख नसेल तर 'नोकरी गेल्यावर काय करायचं' हा विचार सुरूच होत नाही. आज 'नोटीस पीरियड', 'सेव्हरन्स' वगैरे शब्द ज्यांच्या वाट्याला येतात त्यांना निदान तारीख मिळते.

फंडाचं काय? तिथे अडचण अशी की नोकरी सुटल्याशिवाय सगळा फंड मिळत नाही. राजीनामा द्या, हिशेब घ्या, पैसे न्या. म्हणजे संप फसला हे स्वतःच्या सहीने मान्य करा. आगाऊ रक्कम काढायची सोय होती. गिरणी बंद पडली असेल, टाळेबंदी असेल, दोन महिने पगार मिळाला नसेल तर मिळायची. पण योजनेत स्पष्ट लिहिलं होतं: हे सगळं संपाव्यतिरिक्त कारणाने असेल तर. संपावरच्या माणसाला स्वतःच्याच पैशातून उचल नाही. म्हातारपणासाठी राखलेला पैसा आता त्याला कामावर परत ढकलायचं हत्यार झाला होता. कायदा शहाणा होता असं मी वर म्हटलं, ते मागे घेत नाही, पण शहाणा कायदा कुणाच्या बाजूने वापरला जाईल ह्याची हमी कायद्यात नसते.

शेवटी लाखाच्या आसपास कामगार बाहेर फेकले गेले. गिरण्या हळूहळू सुरू झाल्या, कामगार निवडून घेतले गेले, तेही अटी घालून. १९८३ मध्ये सरकारने तेरा गिरण्यांचा ताबा घेतला. बाकीच्यांनी कधी ना कधी हिशेब घेतला. आणि तेव्हा हातात, आयुष्यात पहिल्यांदा, एकरकमी पैसे आले. फंड आणि ग्रॅच्युइटी. बदली कामगाराच्या हातात अर्थातच फारच थोडे.

मग ते पैसे कुठे गेले? इथे ती व्याजदराची मांडणी कोसळते. व्याजाने विचार केला तर सगळ्यात महाग कर्ज आधी फेडायचं. गिरणगावात क्रम वेगळा लागला. सगळ्यात आधी पतपेढी. तिचा व्याजदर सगळ्यात कमी! पण पतपेढीच्या कर्जाला दोन जामीनदार असतात, आणि जामीनदार म्हणजे शेजारच्या साच्यावरचा दोस्त. तो जर कामावर परत गेला असेल तर माझा हप्ता त्याच्या पगारातून कापला जाणार. संपात एकत्र उभे राहिलेले दोघं, एकाला परत घेतलं, दुसऱ्याला नाही, आणि आता बाहेरच्याचं कर्ज आतला फेडतोय. ह्यातून किती मैत्र्या तुटल्या असतील, कल्पना करा. काहींनी जामीनदाराला तोशीस नको म्हणून फंडातून आधी पतपेढी मिटवली. काहींनी नाही मिटवली, आणि गावाकडे गेल्यावर मुंबईत तोंड दाखवायला आले नाहीत.

मग वाणी. त्याचं व्याज कागदावर शून्य, भावात आणि मापात वसूल. त्याला फेडायचं ते जुनं मिटवायला नव्हे, नवं खातं उघडायला. नोकरी गेलेल्या माणसाला पुढचे सहा महिने उधार कोण देणार, हा खरा प्रश्न. वाण्याला दिलेला हजार रुपया ही एका परीने बचतच होती, गरज पडली की तांदळाच्या रूपात परत मिळणारी. बँकेतल्या हजाराला गरज कळत नाही, वाण्याला कळते. (न देणारेही वाणी होते. त्यांची नावं लोकांना अजून पाठ आहेत.)

आणि खानावळवाली. एकट्या कामगारांना जेवू घालणाऱ्या ह्या बाया, त्यांतल्या कित्येक स्वतः नवऱ्याची नोकरी गेल्यामुळे ह्या धंद्यात पडलेल्या. संप आला की गडी जेवायचा आणि "पगार झाला की देतो" म्हणायचा. ती वाण्याकडून उधार आणून शिजवत राहायची, सोनं सावकाराकडे ठेवून. सत्तरच्या दशकातल्या संपांत हेच झालं होतं, आणि त्यावर उत्तर शोधणारी बाई होती प्रेमाताई पुरव. मूळच्या गोव्याच्या, मुक्तिलढ्यातल्या, नंतर गिरणगावात कम्युनिस्ट चळवळीत. १९७५ मध्ये त्यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि खानावळवाल्यांना राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळवून दिलं, एकमेकींच्या जामिनावर. सावकाराचं महाग कर्ज बँकेच्या स्वस्त कर्जाने फेडायचं, आणि उरलेल्या फरकातून बचत. 'कर्ज की बचत' ह्याचं ह्याहून नेमकं उत्तर मला मुंबईच्या इतिहासात सापडलेलं नाही. बांगलादेशच्या ग्रामीण बँकेचे दाखले आपण सगळीकडे देतो. तिची सुरुवात १९७६ च्या प्रयोगातून झाली, दादर-परळच्या बायका त्याच्या एक वर्ष आधी.

खानावळीचं थकलेलं बिल किती जणांनी फंडातून चुकतं केलं? ह्याचा हिशेब कुणी ठेवला नाही. तिच्याकडे जामीनदार नव्हता, काठीही नव्हती.

आता दुसरी बाजू. ज्यांनी पैसे राखले त्यांचं काय झालं? नव्वदच्या दशकात आणि २००० नंतर स्वेच्छानिवृत्तीची लाट आली. ह्या वेळी रकमा मोठ्या होत्या, आणि सगळ्यांनी सांगितलं, उडवू नका, बँकेत ठेवा, व्याजावर जगा. बरेच जण तसे वागले. तेव्हा मुदतठेवीवर दहाबारा टक्के सहज मिळत. दोन लाखांवर महिन्याला दीडपावणेदोन हजार, चाळीत राहून चालायचं. २००३-०४ पर्यंत तेच व्याज साडेपाच टक्क्यांच्या आसपास आलं. पैसे जागेवर, मुद्दलाला हात नाही, आणि उत्पन्न निम्मं. काही चूक न करता. ज्यांना ते पुरेना ते जास्त व्याज देणाऱ्या फायनान्स कंपन्यांकडे गेले, सागवान लावणाऱ्यांकडे गेले. १९९७ मध्ये सीआरबी कॅपिटल बुडाली. सरकारी म्हणून निर्धास्त असलेल्या युनिट ट्रस्टची यूएस-६४ योजना जुलै २००१ मध्ये गोठवली गेली. मग लोकांच्या तोंडी एकच वाक्य: त्यापेक्षा कर्ज फेडलं असतं, गावाला घर तरी बांधलं असतं!

गिरण्यांनी स्वतःची कर्जं कशी फेडली हेही बघा, कारण तिथेही प्रश्न हाच होता, आधी कुणाचं? गिरणी दिवाळखोरीत गेली की आधी तारणवाली बँक, कामगार मागे. १९८५ मध्ये कंपनी कायद्यात कलम ५२९-अ घातलं गेलं तेव्हा कुठे कामगाराची देणी बँकेच्या बरोबरीला आली. कागदावर. प्रत्यक्षात प्रकरणं बीआयएफआर आणि लिक्विडेटरच्या दारात वर्षानुवर्षं पडून राहिली. १९८६ मध्ये वस्त्रोद्योग कामगार पुनर्वसन निधी आला: पहिल्या वर्षी पगाराच्या ७५ टक्के, दुसऱ्या वर्षी ५०, तिसऱ्या वर्षी २५. कल्पना उत्तम. पण गिरणी कायदेशीररीत्या कायमची बंद असायला हवी. आणि आपल्या गिरण्या कायमच्या बंद कधी होतच नसत. त्या नुसत्या चालत नसत.

म्हणून 'कर्ज की बचत' हा प्रश्न नोकरी गेलेल्या माणसाच्या हुशारीवर सोडून द्यायला माझा विरोध आहे. मार्च २०२० मध्ये सरकारने फंडातून तीन महिन्यांच्या पगाराइतकी किंवा ७५ टक्के, यांत जी कमी ती, रक्कम काढायची मुभा दिली, आणि रिझर्व्ह बँकेने हप्ते पुढे ढकलायची. दोन्ही गोष्टी गरजेच्या होत्या. दोन्हींचा खर्च कामगारानेच उचलला: फंड त्याचा, आणि थांबलेल्या हप्त्यांवरचं व्याजही त्याच्याच कर्जात. बेकारीचा विमा आपल्याकडे आहे तो ईएसआयच्या कक्षेतल्यांना, तोही अटींच्या जंगलात. तो नीट नाही तोवर फंड हाच बेकारी भत्ता, फंड हीच पेन्शन, फंड हेच पोरीचं लग्न. एका आण्याकडून अपेक्षा तरी किती करायची?

गिरण्यांच्या जमिनीवर टॉवर उभे राहिले. कामगारांना घरं मिळावीत म्हणून संघटना वर्षानुवर्षं लढल्या आणि २८ जून २०१२ रोजी म्हाडाची पहिली सोडत निघाली. ६,९२५ घरं, किंमत साडेसात लाख. परळ-लालबागच्या भावाने जवळजवळ फुकटच, असं तेव्हा वर्तमानपत्रं म्हणाली. सोडतीत नाव लागलेला कामगार साठीच्या पुढचा किंवा गेलेला, आणि अर्ज बायकोच्या नावाने. फंड १९८३ लाच संपलेला. बँकेने वय विचारलं, उत्पन्नाचा दाखला विचारला, आणि कर्ज मुलाच्या पगारावर घ्यायला सांगितलं. ज्यांचा मुलगा कंत्राटावर होता त्यांनी पुन्हा जामीनदार शोधायला सुरुवात केली.